डोळा तोच, काजळ नवे
(दूरदर्शनच्या बोधचिन्हाची कहाणी, म्हैसूरच्या अंगणातून)

गणेशोत्सव आटोपला की आपल्या मंडळाची हिशेबाची बैठक होते, हे आपण सर्व जाणताच. मागे अशाच एका बैठकीत जमाखर्च मंजूर झाला, चहा आला आणि एका तरुण कार्यकर्त्याने विषय काढला. "काका, आपलं बोधचिन्ह फार जुनं झालं. पावतीवर ठीक आहे, पण मोबाइलवर पाठवलं की नुसता काळा डाग दिसतो. नवीन करू या." दुसऱ्या बाजूने लगेच उत्तर आले, "त्या डागाकडे बघूनच लोक दार उघडतात. वर्गणी मागायला जा, म्हणजे कळेल." हशा पिकला, पण हसता हसता आवाजही चढले. शेवटी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

घरी परतताना वाटले, हा पेच काही आपल्यापुढेच पडलेला नाही. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने हजारो वेळा पाहिलेले एक चिन्ह याच पेचातून पुनःपुन्हा गेले आहे. ते म्हणजे दूरदर्शनचा डोळा. मालिका आल्या नि गेल्या, निवेदिका बदलल्या, पडदा काळ्यापांढऱ्याचा रंगीत झाला, पण १९७६ पासून तो डोळा काही मिटला नाही. तो कसा जन्मला, काय काय बदलत गेला आणि काय बदलले नाही, हे पाहिले तर आपल्या बैठकीलाही थोडा उजेड मिळेल, असे वाटून हा लेख लिहीत आहे.

दोन डोक्यांच्या पक्ष्याची शिकवण

म्हैसूरकराला चिन्हांचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. वडियार राजघराण्याचा गंडभेरुंड, दोन डोक्यांचा पक्षी, आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण हा पक्षी नेहमी असाच दिसत नव्हता. शिमोगा जिल्ह्यातल्या बळ्ळिगावी येथे १०४७ सालचा एक स्तंभ आहे. त्यावरच्या गंडभेरुंडाचे धड चक्क माणसाचे आहे, फक्त डोकी पक्ष्याची. पुढे विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तो पुरता पक्षी झाला आणि त्याने चोचींत व पंजांत हत्ती धरले. वडियारांच्या काळात त्याला युरोपीय पद्धतीच्या राजचिन्हाचा थाट आला. दोन्ही बाजूंना हत्तीच्या तोंडाचे सिंह उभे राहिले आणि खाली संस्कृत ब्रीद आले.

संस्थान गेले, राज्य आले, १९७३ मध्ये राज्याचे नाव म्हैसूरचे कर्नाटक झाले. पक्षी मात्र राहिला. आज कर्नाटक सरकारच्या कागदांवर तोच आहे. वर अशोकस्तंभाचे सिंह आले, खाली 'सत्यमेव जयते' आले, पण मधली दोन डोकी तीच. म्हणजे जवळजवळ हजार वर्षे धड बदलले, आजूबाजूची मंडळी बदलली, मालक बदलले, आणि तरीही ओळख पुसली गेली नाही. कारण ज्या एका खुणेवरून ओळख पटते त्या खुणेला, म्हणजे दोन डोक्यांना, कोणी हात लावला नाही.

गंडभेरुंडाला यासाठी हजार वर्षे मिळाली. दूरदर्शनच्या चिन्हाने अशीच परीक्षा पन्नासएक वर्षांत दिली, तीही कोट्यवधी लोकांच्या देखत.

आधी वाणी, मग दर्शन

डोळ्याच्या आधी आवाज होता आणि त्या आवाजाचे बारसे आपल्या गावात झाले. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १० सप्टेंबर १९३५ रोजी आपल्या 'विठ्ठल विहार' या राहत्या घरातून रेडिओ प्रक्षेपण सुरू केले. यंत्र होते अवघ्या ३० वॅटचे. आज घरात आपण ६० वॅटचा पंखा लावतो, त्याच्या निम्मी ही शक्ती! हे घर यादवगिरीत, आत्ताच्या आकाशवाणी केंद्रापासून हाकेच्या अंतरावर होते. या प्रयोगाला नाव मिळाले 'आकाशवाणी'. ते नाव गोपालस्वामींनी दिले असे सर्वसाधारणपणे मानतात. काही जण त्याचे श्रेय त्यांचे सहकारी, कन्नड लेखक ना. कस्तुरी यांना देतात. श्रेय कोणाचेही असो, नाव म्हैसूरचेच.

कीर्तनात वाढलेल्या आपल्या मराठी कानांना हा शब्द नवा नव्हता. कंसाला झालेली आकाशवाणी कोणाला ठाऊक नाही? पुराणातला शब्द उचलून यंत्राला लावला आणि तो चपखल बसला. पुढे हे केंद्र संस्थानाकडे गेले, १९५० मध्ये ऑल इंडिया रेडिओत सामील झाले आणि १९५५ मध्ये बंगळूरला हलले. १९५७ पासून सगळ्या देशाचा सरकारी रेडिओ आकाशवाणी म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हैसूरच्या घरगुती प्रयोगाचे नाव काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेले.

हे इथे सांगण्याचे कारण असे की टीव्ही हे याच आकाशवाणीचे धाकटे भावंड. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत टीव्हीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेही आकाशवाणीच्याच छपराखाली. दुसरे केंद्र निघायला तेरा वर्षे लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. १९७५ मध्ये कलकत्ता आणि मद्रास केंद्रे आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून वर्षभर उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यात आपल्या राज्यातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. म्हैसूरसारख्या शहराने टीव्ही पाहण्याआधी तिकडच्या शेतकऱ्यांनी तो पाहिला, ही गंमत आज कोणाला खरी वाटणार नाही.

धाकटे भावंड कर्ते झाले की वेगळी चूल मांडते. १ एप्रिल १९७६ रोजी टीव्ही आकाशवाणीपासून वेगळा झाला आणि 'दूरदर्शन' हे स्वतंत्र खाते झाले. नव्या घराच्या दारावर नवी पाटी हवीच. ती पाटी म्हणजे आपला डोळा.

अहमदाबादच्या वर्गातला एक आराखडा

हे चिन्ह तयार करण्याचे काम अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडे आले. तिथे चौदा आराखडे तयार झाले, आठ विद्यार्थ्यांचे आणि सहा अध्यापकांचे. विद्यार्थ्यांत देवाशिस भट्टाचार्य नावाचा एक तरुण होता. त्याने माणसाचा डोळा डोळ्यांसमोर ठेवला, मध्ये एक गोल काढला आणि त्याला कवेत घेणाऱ्या दोन वक्ररेषा काढल्या. एक वरून येते, एक खालून जाते. चिनी लोकांच्या यिन-यांग चिन्हाची आठवण यावी अशी ती रचना होती. त्याने ती आपले अध्यापक विकास सातवळेकर यांच्याकडे सोपवली. हेच सातवळेकर पुढे त्या संस्थेचे संचालक झाले. सगळे आराखडे तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यापुढे गेले आणि त्यांनी या विद्यार्थ्याचा आराखडा निवडला.

आता या चित्रात काय आहे यापेक्षा काय नाही ते पाहा. त्यात अक्षर नाही. ना नागरी, ना रोमन, ना कन्नड, ना बंगाली. त्यात झेंडा नाही, नकाशा नाही, कमळ-मोर-हत्ती यांपैकी काही नाही. डझनभर लिप्यांच्या देशात एका लिपीत पाटी लिहिली असती तर बाकीच्यांना ती परकी वाटली असती. डोळ्याला लिपी नसते. 'दर्शन' या शब्दाचा अर्थ ज्याला कळतो त्याला तो कळतो, आणि ज्याला कळत नाही त्यालाही कळतो.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. त्या काळचा पडदा लहान आणि काळापांढरा. अँटेना जरा हलला की पडद्यावर मुंग्या. बारीक नक्षी, नाजूक रेषा, चार छटांची गंमत हे सगळे त्या मुंग्यांत वाहून गेले असते. इथे दोनच जाड रेषा आणि एक गोल. चित्र कितीही खराब येवो, डोळा ओळखू येणार. आपल्या घरच्या रांगोळीतले स्वस्तिक जसे चार रेषांत उभे राहते आणि पावसाच्या शिंतोड्यांनंतरही ओळखू येते, तसे.

चक्र फिरू लागले

चिन्ह कागदावर झाले, पण टीव्हीवर ते नुसते टांगून चालणार नव्हते. त्याच संस्थेतले आर. एल. मिस्त्री यांनी त्याला गती दिली. संगणकाचे दिवस नव्हते. मूळ आकृतीच्या प्रती काढायच्या, कॅमेऱ्याखाली ठेवायच्या, थोड्या थोड्या फिरवून चित्रित करायच्या, असे हाताने चाललेले काम. त्यातून त्या वक्ररेषा घुमत घुमत येतात, एकमेकींत मिसळतात आणि शेवटी डोळा स्थिर होतो, ते दृश्य जन्माला आले. मुळात ही आकृतीच फिरण्याजोगी आहे. ती अर्धी फिरवली, वरचे खाली आणि खालचे वर केले, तरी जशीच्या तशी दिसते. म्हणून तिचे फिरणे डोळ्यांना खटकत नाही.

जोडीला सूर आले. पंडित रविशंकर आणि शहनाईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी बांधलेली ती संथ, गंभीर धून. 'सारे जहाँ से अच्छा'ची झाक तीत अनेकांना जाणवते. चित्र आणि सूर असे एकजीव झाले की आजही नुसती धून ऐकली तर डोळा दिसतो आणि नुसता डोळा पाहिला तर धून ऐकू येते.

आमच्या घरी १९८५ च्या सुमारास टीव्ही आला. लाकडी पेटी, पुढे सरकते दार, वर आजीने विणलेला रुमाल. आजीला नागरी वाचता येई, कन्नड बोलता येई पण वाचता येत नसे, आणि इंग्रजीशी तिचे काही देणेघेणे नव्हते. बंगळूर केंद्राच्या कन्नड पाट्या आणि दिल्लीच्या इंग्रजी पाट्या तिच्या दृष्टीने सारख्याच. पण ती चक्राकार आकृती फिरू लागली की ती स्वयंपाकघरातल्या आईला हाक मारी, "अगं ये, सुदर्शन फिरायला लागलं!" तिच्या लेखी ते विष्णूचे सुदर्शन चक्र होते. दूरदर्शन आणि सुदर्शन, यमक तरी छान जुळले होते. तिला कोणी दुरुस्त केले नाही. अक्षर नसलेल्या चिन्हाची हीच मोठी सोय, प्रत्येकाला त्यात आपापले काही सापडते.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पुण्याला मावशीकडे जात असू. तिथले निवेदन मराठी, बातम्या मराठी, प्रक्षेपण बंद पडले की 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही पाटीही मराठी. म्हैसूरहून आलेल्या आम्हा पोरांना टीव्हीतला माणूस घरच्यासारखे बोलतो याचेच अप्रूप. पण सुरुवातीला फिरणारा डोळा मात्र आमच्याच घरचा! परक्या घरात ओळखीचा माणूस भेटावा तसे वाटे.

रंग आला, संगणक आला

१५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. १९८४ मध्ये तर काही महिने दिवसाला जवळजवळ एक या गतीने नवे प्रक्षेपक उभे राहत होते. त्याच वर्षी 'हमलोग' आली, जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण', ऑक्टोबर १९८८ मध्ये 'महाभारत'. आपल्या म्हैसूरच्या आर. के. नारायण यांच्या कथांवरची 'मालगुडी डेज' याच दशकातली. दिग्दर्शक मराठी रंगभूमीच्या सहवासात राहिलेले शंकर नाग, आणि चित्रे नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची. त्या मालिकेची शीर्षकचित्रे आणि एल. वैद्यनाथन यांची धून आजही कोणी विसरलेले नाही. पण मालिकेचे चिन्ह मालिकेबरोबर संपते. डोळ्याला रोज उगवायचे होते.

रंग आल्यावर डोळ्यालाही रंग चढला. पुढे संगणक आला तसा तो कधी धातूसारखा चकाकू लागला, कधी त्याला जाडी आली, कधी त्याच्यामागे पृथ्वीचा गोल फिरला. 'सत्यं शिवं सुंदरम्' हे ब्रीद त्याच्या सोबतीला आले. धूनही नव्या वाद्यांत नव्याने वाजली. अहमदाबादच्या विद्यार्थ्याने काढलेली ती दोन रंगांची साधी आकृती आणि नव्वदच्या दशकातली झगमगती आकृती शेजारी ठेवल्या तर आजी आणि नात उभ्या आहेत असे वाटेल. पण नाकडोळ्यांवरून घराणे लगेच ओळखू येते.

एका डोळ्याची अनेक बुबुळे

खरी कसोटी नव्वदच्या दशकात आली. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला आणि गल्लोगल्ली केबलवाल्यांच्या तारा लोंबू लागल्या. आजवर डोळा एकटा होता, आता त्याच्या शेजारी रोज नवी चिन्हे उभी राहिली. पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसणारे छोटे चिन्ह ही चाल तेव्हापासून अंगवळणी पडली. पूर्वी डोळा दिवसाच्या सुरुवातीला सोहळ्याने येई. आता त्याला कोपऱ्यात चोवीस तास पहाऱ्यावर उभे राहावे लागले. मोठ्या पडद्यावर फिरणे वेगळे आणि नखाएवढ्या जागेत ओळखू येणे वेगळे. मूळ रेषा जाड आणि मोजक्या होत्या म्हणून तो इथेही टिकला.

दूरदर्शनची कुटुंबवाढही झाली. १५ ऑगस्ट १९९४ रोजी प्रादेशिक भाषांच्या उपग्रह वाहिन्या आल्या. मराठी वाहिनी २००० साली 'सह्याद्री' झाली, कन्नड वाहिनीला 'चंदना' हे नाव मिळाले. चंदनाच्या गावात राहणाऱ्या आपल्याला ते नाव घरचेच वाटले. पाठोपाठ क्रीडा, भारती, बातम्या, आणि २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'किसान' अशा वाहिन्या निघाल्या. प्रत्येकीला वेगळी ओळख हवी आणि घराण्याची खूणही हवी. उपाय साधाच होता. डोळा सगळीकडे एकच, शेजारचे नाव आणि रंग वेगळा. अक्षरे आली, पण ती डोळ्याच्या बाहेर राहिली. सह्याद्री म्हणताना त्याच्यात डोंगर घुसवावा लागला नाही.

म्हैसूरच्या मराठी घरांच्या दृष्टीने उपग्रहावरची मराठी वाहिनी ही मोठीच गोष्ट होती. इतकी वर्षे मराठी पाहायची म्हणजे रविवारी दुपारच्या प्रादेशिक चित्रपटांत मराठीची पाळी कधी येते याची वाट पाहायची. ती पाळी आली की आमच्याकडे शेजारची चार मराठी घरे जमत आणि तळाशी येणारी इंग्रजी वाक्ये आम्ही मुद्दाम वाचत नसू. आता डिश लावली की सह्याद्री आणि चंदना, मराठी आणि कन्नड, एकाच डोळ्याखाली शेजारी शेजारी. आपल्या पिढीचे सगळे आयुष्य याच दोन वाहिन्यांसारखे गेले म्हणा ना! बोली दोन, खूण एक.

खासगी वाहिन्यांचे पाहा. १९९९ मध्ये आलेली 'अल्फा मराठी' पुढे 'झी मराठी' झाली. २००० साली सुरू झालेली 'ई टीव्ही मराठी' २०१५ मध्ये 'कलर्स मराठी' झाली. व्यापारात हे चालायचेच, त्यात दोष नाही. पण आज तिशीतल्या मुलाला विचारा, अल्फाचे चिन्ह कसे होते? त्याला आठवणार नाही. डोळा काढून दाखव म्हटले तर मात्र तो कागदावर काढून दाखवील.

गट्टू गेला त्याची गोष्ट

मग जुने चिन्ह कधीच टाकू नये काय? तसेही नाही. याचे उदाहरणही म्हैसूरच्याच मातीतले आहे. आर. के. लक्ष्मण यांचा जन्म १९२१ चा, म्हैसूरचा. महाराजा कॉलेजचेच ते विद्यार्थी. मुंबईत व्यंगचित्रकार म्हणून नाव काढत असताना त्यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी एक खट्याळ पोरगा काढला. कपाळावर केसांची बट, हातात रंगाचा डबा आणि ठिबकणारा ब्रश. त्याचे नाव ठरवायला लोकांचीच स्पर्धा घेतली आणि 'गट्टू' हे नाव मिळाले. रंगाचे दुकान म्हणजे गट्टू, असे समीकरण चार-साडेचार दशके चालले. २००२ मध्ये कंपनीने त्याला निवृत्त केले. रंग विकण्याची रीत बदलली होती. डबा घेऊन ब्रश मारणारा पोरगा नव्या काळाच्या घरसजावटीत बसेना.

गट्टू गोड होता, पण तो एका काळाचा पोरगा होता. त्याचे कपडे, त्याचा डबा, त्याची खोडी हे सगळे त्या काळाला बांधलेले. त्याला फिरवता येत नव्हते, त्याच्यातून एक रेष काढून नवे रूप देता येत नव्हते. चिन्हात जितका तपशील जास्त, तितके ते लवकर म्हातारे होते. डोळ्याला कपडेच नव्हते, म्हणून त्याचे कपडे जुने झाले नाहीत.

दहा हजार प्रवेशिका

डोळ्यालाही निवृत्त करण्याचा विचार झाला होता. दूरदर्शन १९९७ पासून प्रसार भारतीच्या कारभारात आहे. २०१४ मध्ये दूरदर्शनने नवा गुलाबी-जांभळा साज चढवला आणि 'देश का अपना चॅनल' हे नवे घोषवाक्य घेतले. तेवढ्याने समाधान झाले नाही. जुलै २०१७ मध्ये नव्या बोधचिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर झाली, बक्षीस एक लाख रुपये. मुद्दा आपल्या बैठकीतलाच होता. जुन्या पिढीला या चिन्हाचा जिव्हाळा आहे, पण देशात तरुण जास्त आहेत आणि त्यांच्या आठवणीत ते नाही, मग त्यांच्यासाठी नवे का नसावे? दहा हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. इकडे जुन्या चिन्हावर प्रेम करणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली, लेख लिहिले, आठवणी सांगितल्या.

एवढे होऊनही पडद्यावर डोळा राहिलाच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात झाली, तेव्हा कोपऱ्यात तोच होता आणि तो पाहायला तीन पिढ्या एका सोफ्यावर बसल्या होत्या. ज्यांच्या आठवणीत तो नव्हता त्या नातवंडांच्याही आठवणीत तो तेव्हा जाऊन बसला.

एप्रिल २०२४ मध्ये दूरदर्शनच्या बातम्यांच्या वाहिनीने चिन्हाचा तांबडा रंग बदलून नारिंगी केला. ऐन लोकसभा निवडणुकीचे दिवस. हा रंग एका पक्षाकडे झुकतो, अशी टीका विरोधकांनी केली. चिन्ह अधिक आकर्षक दिसावे आणि वाहिनीचा साज नवा व्हावा एवढाच हेतू आहे, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. कोण बरोबर याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आकाराला कोणी हात लावला नव्हता, केवळ रंग बदलला, तरी देशभर चर्चा झाली. ज्या चिन्हाबद्दल लोकांना काही वाटत नाही त्याच्या रंगावरून कोणी भांडत नाही. लोक भांडतात तेव्हा ते चिन्ह कचेरीचे राहिलेले नसते, लोकांचे झालेले असते.

पुन्हा आपल्या बैठकीकडे

तर मंडळी, काका बरोबर की तरुण कार्यकर्ता? मला वाटते, दोघेही. मोबाइलवर काळा डाग दिसत असेल तर ते चिन्ह आपले काम करत नाही, हे मान्य केले पाहिजे. डोळा टिकला तो कोणी त्याला हात लावला नाही म्हणून नव्हे. तो काळापांढरा होता तो रंगीत झाला, सपाट होता त्याला जाडी आली, पडदाभर होता तो कोपऱ्यात मावला. वेळोवेळी त्याला काजळ नव्याने घातले गेले, म्हणून तो प्रत्येक पिढीला ताजा दिसला.

पण काजळ घालताना डोळा फोडायचा नसतो. म्हणून बदल करण्यापूर्वी आपल्या चिन्हातली अशी खूण शोधावी जी काढली तर लोक आपल्याला ओळखणार नाहीत. गंडभेरुंडाची दोन डोकी, डोळ्याच्या दोन वक्ररेषा, तशी आपली कोणती? आपल्या जुन्या पावतीवर समई आहे, कमान आहे, वेलबुट्टी आहे, तीन ओळींचे नाव आहे आणि स्थापनेचे वर्ष आहे. यातले किती लहान मुलाला न पाहता काढता येईल? माझ्या नातीला मी सांगून पाहिले. तिने समई काढली आणि कमान काढली. वेलबुट्टी तिला आठवली नाही आणि नावाच्या ओळी तिने गाळल्या. कन्नड शाळेत शिकणाऱ्या त्या पोरीने अक्षराशिवाय आपले मंडळ ओळखले.

तिचा तो कागद मी जपून ठेवला आहे. पुढच्या बैठकीत जमाखर्चाच्या वहीबरोबर तोही टेबलावर ठेवीन. चहा येईपर्यंत सर्वांनी एकदा पाहावा, एवढीच विनंती.